सासूबाईंचं विमान आणि माझी चौकशी

ये, अशी जवळ ये. (कागदावर जवळ कसं यायचं म्हणतेस? चष्मा लाव आणि ये!) वरच्या मजल्यावर राहायचीस तेव्हा दिवसातून चारदा डोकावायचीस. आता मुलुंडला गेलीस तर जशी काही सासरी काबूलला दिलीय! आणि फोन केलास तो कशासाठी? तर म्हणे, "आजी, आठ दिवस झाले, कुठल्या विमानाने जाऊ तेच ठरत नाही. एकीचं खाणं चांगलं तर तिला उशीर फार, दुसरी वेळेवर जाते तर बॅगा हरवते." आणि हे सगळं तुला कुणी सांगितलं? मोबाईलमध्ये तारे देणाऱ्या तिऱ्हाईत लोकांनी! अगं, तुझ्यापेक्षा पत्रिका बघणारे बरे. ते निदान नऊच ग्रह बघतात.

आम्ही अशा परक्यांच्या भरवशावर राहणारी माणसं नव्हतो. आमच्या सासूबाईंना विमानात बसवण्याआधी मी त्या विमानकंपनीच्या घरी जाऊन चहा पिऊन आले होते.

हसू नकोस. कंपनीला घर असतं. निदान आमच्या सासूबाईंच्या मते असायचं.

गोष्ट पन्नास सालानंतरची. देशाला स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली आणि मला सासर मिळून त्याहून थोडी. अंधेरीत तेव्हा स्टेशन सोडून चार पावलं पुढे गेलं की भाताची खाचरं आणि ताडाची झाडं. घरात आम्ही पाच माणसं: सासरे आप्पा, सासूबाई (त्यांना सगळे माई म्हणत), माझे 'हे', लग्नाची धाकटी नणंद सुशी आणि मी. मोठ्या नणंदेला, शांतावन्संना, कलकत्त्याला दिलेलं. तर त्या शांतावन्संना दिवस गेलेले, पहिलटकरीण. त्यांच्या सासूबाई बाळंतपणाला जाऊन राहणार होत्या, पण त्या स्वतःच न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसल्या. तार आली, "माईंना ताबडतोब पाठवा."

रेल्वेने कलकत्ता म्हणजे दोन रात्रींचा प्रवास, आणि जागा मिळायची ती पंधरा दिवसांनंतरची. शांतावन्संना नववा लागलेला. मूल काही आरक्षणाच्या खिडकीशी रांग लावून येत नाही! जावईबापूंनी कळवलं, विमानाने या, तिकिटाची व्यवस्था करतो.

आमच्या सात पिढ्यांत कुणी माडाच्या वर गेलेलं नव्हतं.

माई म्हणाल्या, "जाईन की! लेक माझी आहे. पण कुणाच्याही विमानात बसायची नाही. आधी चौकशी."

तेव्हा विमानकंपन्या एक सोडून बऱ्याच होत्या. आमचे हे सकाळी डबा घेता घेता म्हणाले, "मी ऑफिसातनं येताना त्यांच्या ऑफिसात विचारून येतो. विमानात बघायची ती सर्व्हिस. सर्व्हिस चांगली असली की झालं."

"ऑफिसात विचारून काय कळतंय?" माई कडाडल्या. "दुकानात बसून कोण म्हणेल माझा माल नासका? कंपनीत काम करणाऱ्याच्या घरी जावं. पाणी कसं देतात ते बघावं. ज्या घरात आल्यागेल्याला पाणी विचारत नाहीत, त्या घरातला मुलगा वर आभाळात काय पाणी देणार कपाळ?"

आता यात चूक काय आहे, तूच सांग! मला तर पटलंच. मी पुढे सरसावून म्हटलं, "माई, मी करते चौकशी." (तरुण वयात माणूस कशालाही पुढे सरसावतं.)

आरे कॉलनीच्या दुधाच्या केंद्रावर बाटल्या आणायला गेले तिथे रांगेतल्या एका बाईंनी सांगितलं, "पार्ल्याला दामलेकाकू आहेत, त्यांचा दिनकर विमानकंपनीत आहे. भला मुलगा. काकूही बोलक्या. कधीही जा." एवढंच त्यांनी सांगितलं. काकूंनी गेले सहा महिने अख्ख्या पार्ल्याला "आमच्या दिनूसाठी मुलगी बघा" म्हणून कामाला लावलंय, हे सांगायचं त्या विसरल्या. बाटल्या आल्या होत्या ना!

निघताना माईंनी मला दाराशी गाठलं. "हे बघ सूनबाई, माझं नाव घ्यायचं नाही. म्हातारी घाबरली म्हणतील. 'आमच्या घरचं एक माणूस आहे' एवढंच म्हण. आणि एकटी जाऊ नकोस, सुशीला ने." सुशी आरशापुढे वेणी घालत होतीच. तिने अबोलीचा गजराही माळला. मी म्हटलं, असू दे, पोर कुठे बाहेर पडते!

टांगा करून गेलो. आता तू काकूंच्या जागी उभी राहून बघ. दारात टांगा थांबतो, त्यातून एक नवी सून उतरते, मागोमाग खाली मान घालून एक उपवर मुलगी, केसांत अबोली. आणि ती सून म्हणते, "आम्ही अंधेरीहून आलो. जरा चौकशी करायची होती."

काकूंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, काय ही कंपनी! काय ही आपुलकी!

"या, या! करा की चौकशी. अगदी मोकळेपणी करा. चौकशी केल्याशिवाय हल्ली कोण आपलं माणूस कुणाच्या हवाली करतं?"

माझ्याच मनातलं बोलल्या! पाणी आलं. लख्ख घासलेल्या तांब्याभांड्यातून आलं, बरोबर गुळाचा खडा. पहिल्या परीक्षेत कंपनी पास.

मी पदर सावरून बसले आणि यांनी शिकवलेला प्रश्न टाकला. "आधी मला सांगा, सर्व्हिस कशी आहे?"

"पक्की आहे हो! तीन वर्षं झाली. वरचे साहेब खूश आहेत."

(बघ, 'सर्व्हिस' म्हणजे नोकरी, हा एकच अर्थ तेव्हा घरोघर चालायचा. मलाही तोच ठाऊक. पण हे म्हणाले म्हणजे विमानातलं काहीतरी असणार, म्हणून मी मान डोलावली.)

"वेळेचं कसं काय? उशीरबिशीर?"

काकू जरा चाचरल्या. "आता खोटं कशाला बोलू? संध्याकाळी कधी कधी होतो उशीर. पण येतो! आलाच नाही असं आजवर एकदाही झालं नाही."

मला तो प्रामाणिकपणा फार भावला. पुढचं विचारताना मात्र माझा आवाज आपोआप बारीक झाला. "विचारू नये, पण... कधी पडण्याबिडण्याचा प्रकार?"

"एकदाच. लहानपणी. माळ्यावरून पडला, डोक्याला खोक पडली. आता केस वाढलेत, खूणसुद्धा दिसत नाही."

मी विमानाचं विचारतेय आणि या मुलाचं सांगतायत! म्हटलं, आई ती आईच. विमान पडलं असतं तर याआधी ते सांगितलं असतं. म्हणजे पडलेलं नाही.

"खाण्यापिण्याचं?"

"शुद्ध शाकाहार. चातुर्मासात कांदालसूणसुद्धा नाही."

अगं, मी जागच्या जागी हात जोडायचीच बाकी होते! माईंना आणखी काय हवं होतं? आभाळात चातुर्मास पाळणारी कंपनी!

"आवाज फार होतो म्हणतात," मी म्हटलं.

काकू चपापल्या. "कोण म्हणालं? शेजारच्यांनी सांगितलं का? घोरतो हो थोडा, पण फक्त उताणा झोपला तर. आणि सवय होते."

मी त्यावर काय समजले हे आज मला विचारू नकोस. बहुधा काहीच नाही. चौकशीची गाडी उताराला लागली होती, ब्रेक कोण लावणार? मी पुढे म्हटलं, "आमच्या माणसाला हवेशीर जागा लागते. खिडकीशी असली तर फार बरं."

"आहे ना! आतल्या खोलीला दोन खिडक्या आहेत."

(विमानाला आतली खोली असते हे मला त्या दिवशी कळलं.)

"आणि सामान किती आणलेलं चालतं?"

यावर काकू हळव्या झाल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आम्हाला काही नको. माणूस आलं की पुरे. तुम्ही हौसेने आणाल ते आणा, आम्ही कधी वजनकाटा लावणार नाही."

"आणि परत...?"

"दिवाळीला पाठवू की! आम्ही अडवून ठेवणाऱ्यातले नव्हे."

एवढ्यात दिनकर आला. पांढरा सदरा, हातात टोपी, उंच, आणि कानापर्यंत हसरा. आईने डोळ्याने खुणावल्याबरोबर चहा घेऊन आला. सुशीपुढे कप ठेवताना बशीत सांडला थोडा. त्याने तिला विचारलं, "विमानाची भीती वाटते का हो तुम्हाला?"

सुशी मान वर न करता म्हणाली, "सोबतीला कोण आहे त्यावर आहे."

मी म्हटलं, किती हुशार पोर! आईच्या वतीने बरोबर उत्तर दिलंन! उठताना मी काकूंना घरचा पत्ता दिला आणि बजावलं, "आम्हाला जरा घाई आहे. दोन दिवसांत काय ते ठरायला हवं." काकूंनी आमच्या दोघींच्या ओट्या भरल्या. सुशीच्या ओटीत खण जरा भारीचा होता. परतताना टांग्यात ती एक अक्षर बोलली नाही. एरवी ती गप्प बसली तर घरात थर्मामीटर काढायचे.

घरी आल्यावर माझी काय ऐट! "माई, डोळे मिटून बसा! सर्व्हिस पक्की, कांदालसूण नाही, सामानाला मर्यादा नाही, आतल्या खोलीत दोन खिडक्या आणि दिवाळीला आणून सोडतात!"

हे म्हणाले, "कोण सोडतं?"

"कंपनी!"

यांनी कपाळाला हात लावला. पण माईंपुढे त्यांचं चालायचं नाही. आणि माईंचंसुद्धा मन अर्धंच वळलं होतं. शांताच्या आठवणीने डोळे पुसायच्या, आणि आभाळातून घरघर आली की लगेच, "नको बाई," म्हणायच्या. सांताक्रूझचं विमानतळ जवळच, घरघर घटकेघटकेला यायची. हो म्हणायला एक दिवस उरला होता, नाहीतर तिकीट दुसऱ्या कुणाला जाणार होतं.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी, हे ऑफिसला गेल्यावर, दारात टांगा. आतून दामलेकाकू आणि दिनकर. काकूंच्या हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा.

मी आत धावले. "माई! कंपनी आली!"

"कुठे?"

"आपल्या घरी! पेढे घेऊन!"

माईंनी लुगड्याचा पदर नीट केला. "अगो बाई! आपण एक विचारलं तर घरी चालत येतात? याला म्हणतात घराणं!" आणि बैठकीत जाऊन बसल्या त्या थेट यजमानीण होऊन. आप्पा वर्तमानपत्राच्या आड होते. सुशी आत पोहे करायला पळाली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं!

काकूंनी नारळ पुढे ठेवला. "आम्हाला पसंत आहे."

माई खूश. "वयाची काही अडचण नाही ना?"

"छे हो! अगदी योग्य वय आहे."

माईंचं वय छप्पन्न. त्या मोहरल्याच! "माझी कंबर तेवढी जरा धरते."

"असू दे हो. बसून सगळं करू. तुम्हाला उभं राहायला लागणारच नाही."

"ऐकलंस सूनबाई?" माई माझ्याकडे वळल्या. तो माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण. त्यानंतर उतरणच.

काकू म्हणाल्या, "मग कधीचं धरायचं?"

"शनिवारचं."

"या शनिवारी?" काकू दचकल्या. "इतकी घाई?"

"घाई नको तर काय? नववा लागलाय!"

काकूंचा चहाचा कप ओठांशी पोचायचा तो वाटेतच थांबला. दिनकरने टोपी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. काकूंनी सावकाश विचारलं, "कुणाला?"

"आमच्या मुलीला!"

नेमकी त्याच वेळी सुशी पोह्यांच्या बशा घेऊन दारात. काकूंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग पायापासून डोक्यापर्यंत. "परवा तर काहीच... कळलं नाही हो."

"कळणार कसं? पहिलंच आहे, अंगलटही बारीक," माई सांगत सुटल्या. "म्हणून तर म्हणते, लवकर आटपू या. उद्या कळा सुरू झाल्या तर?"

"अहो, पण... बाप कुठे आहे?"

"जावईबापू ना? ते दिवसभर ऑफिसात!"

"जावईबापू?" काकू किंचाळल्या. "म्हणजे हिचं लग्न झालंय?"

आता माई चिडल्या. "लग्न न होता नववा कसा लागेल बाई? आमच्या घरात तशी रीत नाही!"

"ऊठ दिनू!" काकू ताडकन उभ्या. दिनकर मात्र उठेना. हातात बशा घेतलेल्या सुशीचा चेहरा लाल, आणि आपलं मला अजूनही काही कळेना! मी म्हटलं, "काकू, बसा ना, तिकीट तरी सांगून जा..."

तेव्हा आप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. संबंध आयुष्यात आप्पा मोजकंच बोलले, पण बोलले की कामाचं. "तुम्ही नक्की कुठल्या मुलीबद्दल बोलताय? आमच्या दोन आहेत. कलकत्त्याची शांता, तिला नववा आहे. ही सुशी, हिच्या हातात पोहे आहेत."

घरात असा सन्नाटा की पोह्यावरचं खोबरंसुद्धा हललं नाही.

मग सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. वाट लागली! मी पदराचं टोक तोंडात धरलं. दिनकर तोंडावर टोपी धरून हसत होता, तो आधी खांद्यांनी, मग सगळ्या अंगाने. काकूही मटकन बसल्या आणि "अगं बाई गं, अगं बाई गं" करत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मोठ्या मनाची बाई.

हसल्या नाहीत त्या फक्त माई. "म्हणजे तुम्ही कंपनीतर्फे आला नाहीत?"

"नाही हो. मुलीसाठी आलो."

"झालं तर मग," माई म्हणाल्या. "मी जात नाही. ज्या सुनेला विमान आणि नवरामुलगा यांतला फरक कळत नाही, तिच्या सांगण्यावरून मी आभाळात चढू?"

आणि आत जाऊन पाठमोऱ्या बसल्या. अगं, हसण्याचा विषय तिथे संपला. तिकडे परक्या गावात शांतावन्सं एकट्या, नवरा ऑफिसात, सासू पाय बांधून पडलेली. आणि इकडे माझ्या शहाणपणापायी त्यांची आई उंबऱ्याआड अडलेली. मी माईंचे पाय धरले. आप्पांनी समजावलं. दिनकरने विमान कसं चालतं ते सांगायला घेतलं, त्याने तर त्या आणखी घाबरल्या. हो-नाही काही नाही. भिंतीकडे तोंड.

शेवटी दामलेकाकू आत आल्या. माईंच्या शेजारी बसून समजुतीने म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे हो माई. मी तरी कुठे बसलेय? दिनू तीन वर्षं मागे लागलाय, 'आई, एकदा पुण्यापर्यंत तरी चल.' पण माझी छातीच होत नाही. ते बायकांचं काम नव्हेच मुळी."

माईंची पाठ जरा हलली.

"मुलगा कंपनीत," माई म्हणाल्या, "आणि तुम्ही अजून बसला नाहीत?"

"नाही बाई."

"एकदासुद्धा?"

"पार्ल्यात तरी अजून कुणी बसलेलं नाही आमच्या ओळखीतलं."

माई हळूहळू वळल्या. चेहऱ्यावर असं तेज की मला वाटलं, देवघरातली समई सरकवून कुणी इथे ठेवली! उद्या या बाई कदाचित विहीणबाई होणार. विहिणीच्या आधी विमानात! मुलीकडची असून! असा मान इतिहासात कुठल्या विहिणीला मिळाला होता?

"सूनबाई," माई उठल्या, "माळ्यावरची ट्रंक काढ." आणि काकूंकडे बघून, अगदी सहज, "त्या दुसऱ्या गोष्टीचं मी आल्यावर बोलू. मला आता प्रवासाची गडबड आहे."

मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना ताटकळत ठेवल्याची अंधेरीतली ती पहिली वेळ. मी आत जाऊन एकटीच टाळी वाजवली.

शनिवारी पहाटे आम्ही सगळे सांताक्रूझला. 'सामानाला मर्यादा नाही' हे मी दिलेलं वचन मागे घ्यायचं मी विसरले होते. (खरं म्हणजे धीर झाला नव्हता!) माईंनी आणलेलं सामान ऐक. ट्रंक, वळकटी, डिंकाच्या लाडवांचा डबा, अळिवाच्या लाडवांचा डबा, बाळगुटीची सहाण, पाण्याचा तांब्या, आणि सागवानी पाळणा. अख्खा! चारही साखळ्यांसकट!

दिनकर काट्याशी उभा होता. पाळणा बघून त्याने एकवार माझ्याकडे पाहिलं. मी ताडाच्या झाडांकडे पाहिलं.

"माई, पाळणा मागाहून रेल्वेने पाठवू," तो म्हणाला.

"आणि बाळ काय रेल्वेची वाट बघत बसेल?"

"तोवर मी कलकत्त्याला आमच्या माणसांना सांगून झोळीची व्यवस्था करतो."

'आमच्या माणसांना' हा शब्द माईंना आवडला. पाळणा सुटला. पण मग दिनकर म्हणाला, "आता तुम्हीही काट्यावर उभ्या राहा. प्रवाशांचंही वजन घ्यावं लागतं."

माईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुद्दाम निरोपाला आलेल्या दामलेकाकूंकडे. विहिणीदेखत वजन! त्यांनी हात वर केला. "सगळे पाठ करा!"

आणि केली गं! आम्ही केली, काकूंनी केली, हमालांनी केली, एका गोऱ्या साहेबाने काही न कळता केली, आणि त्याच वेळी तिथून चाललेल्या पायलटनेही केली. काटा एकट्या दिनकरने वाचला, आणि पुढे इतकी वर्षं त्याने तो आकडा कुणालाही सांगितला नाही. जावई निवडायला आणखी काय लागतं?

माई शिडी चढल्या. वरच्या पायरीवर थांबून मागे वळल्या आणि काकूंना हात केला. देवीची पालखी निघावी तसा थाट! विमान धावलं, उचललं, ताडांवरून गेलं. आप्पांनी उपरण्याने डोळे टिपले. मी मोठ्याने रामरक्षा सुरू केली होती, ती भीतीने तिसऱ्या श्लोकावरून परत पहिल्यावर येत राहिली.

उरला पाळणा. तो टांग्यात काही मावेना. दिनकर म्हणाला, "मी पोचवतो." आणि खांद्यावर घेऊन चालत अंधेरीपर्यंत आला. पुढे साखळ्या खळखळ वाजवत दिनकर, मागे लाजत सुशी, आणि तिच्या मागे मी. लोक खिडक्यांतून बघतायत. कोपऱ्यावरच्या मावशींनी विचारलंच, "काय गं, हे कोण?"

मी म्हटलं, "सुशीचं जमतंय यांच्याशी. लग्न अजून ठरायचंय."

"आणि पाळणा आधीच?"

मग मात्र मी चालायचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तार. शांतावन्सं सुखरूप, मुलगा झाला. माई पोचल्या आणि त्याच रात्री कळा सुरू झाल्या होत्या. कळा येताना वन्संनी आईचा हात जो धरला तो बाळ रडेपर्यंत सोडला नाही. त्याच दिवशी रेल्वेत जागा मिळाली असती, तरी माई तेव्हा कुठे तरी नागपूरच्या फलाटावर तांब्यात पाणी भरत असत्या! आप्पांनी स्वतः जाऊन पेढे आणले. पहिला पेढा देवाला, दुसरा मला. "तुझ्या चौकशीचा," म्हणाले. मी खाल्लाही बाई निर्लज्जासारखा.

दिवाळीला माई परत आल्या, विमानानेच. त्यांना बघायला आळी लोटली. हे म्हणाले, "सांग माई, सर्व्हिस कशी होती?"

"उत्तम! ती विमानातली पोर बिचारी पहाटेपासून उभी. तिला म्हटलं, बस जरा. मग मीच सगळ्यांना लाडू वाटले. पायलटलाही पाठवला. तो साहेब दोन मागून घेऊन गेला."

म्हणजे विमानाने माईंना दिली त्यापेक्षा माईंनी विमानाला जास्त सर्व्हिस दिली! पण नाव कुणाचं झालं? माझं. कुणाच्याही घरचं माणूस विमानाने निघालं की आधी मला विचारायला येत. मार्गशीर्षात सुशीचं लग्न दिनकरशी लागलं तेव्हा तर मांडवात लोक मला दाखवायचे, "त्या ह्या, विमानाची पारख असलेल्या!" मी मान ताठ करून फिरत होते.

हळद लावताना सुशीला म्हटलं, "काय गं, माझ्या त्या घोटाळ्यामुळे तुझं भलं झालं की नाही?"

ती म्हणाली, "वहिनी, घोटाळा तुमचा होता. मला तर काकूंनी गुळाचा खडा पुढे केला तेव्हाच कळलं होतं."

"मग टवळे, बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तेवढ्यात ते चहा घेऊन आले. म्हटलं, वहिनी एवढ्या मनापासून चौकशी करतायत तर करू देत."

आता बोल! मी तासभर विचारत होते आणि पसंती तिची तिने एका कपात उरकली होती.

तर अशी ही पारख. ये गं लवकर, दोन दिवस राहायलाच ये. सुशी हल्ली इथेच असते, तीही वाट बघतेय. आणि विमानाचं काय विचारायचं असेल ते तिला विचार. मी अजून एकदाही बसलेली नाही.